रंग फसवे, दात नाहीत

पश्चिम बंगालचा किनारा संपून ओडिशाचा सुरू होतो, तिथे दिघा आणि उदयपूर या दोन पुळणी एकमेकींना लागून आहेत. सुट्टीच्या दिवसांत कोलकात्याहून माणसांची रीघ लागते. शहाळी, तळलेले मासे, फोटो काढणारे, सगळं यथासांग. ओहोटीला पाणी मागे गेलं की त्याच ओल्या वाळूत एक बारीकशी फुगवटी सरकताना दिसू शकते. वाळूचा वरचा पापुद्रा किंचित उचलला जातो, पुढे जातो, क्षणभर थांबतो, पुन्हा पुढे. पापुद्रा अलगद बाजूला केला तर खाली एक काळपट, बोथट, लांबट जीव सापडतो. लांबी फार तर ७ मिलिमीटर. अंग गुळगुळीत. पाठीवर दोन ढाली, एक डोक्यावर आणि एक मागच्या भागावर. आणि अगदी मागच्या टोकाला माणकाच्या रंगाचा लाल ठिपका.

ही समुद्री गोगलगाय. चालताना ती अंगातून पारदर्शक चिकट द्रव सोडते. त्याचं पातळ वेष्टण अंगाभोवती तयार होतं आणि वाळूचे कण बाहेरच राहतात. वाळूत राहायचं आणि वाळू अंगाला लागू द्यायची नाही, हे आपल्याला चौपाटीवर जन्मात जमलेलं नाही.

२०२४ साली झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं: मेलॅनोक्लामिस द्रौपदी. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या सन्मानार्थ. वर्तमानपत्रांत चार-सहा ओळी आल्या, त्या अर्थातच नावाबद्दल होत्या. मला मात्र नावाच्या आधीची गोष्ट जास्त विलक्षण वाटते. कारण दोनच वर्षं आधी, २०२२ मध्ये, याच संस्थेने याच पट्ट्यातून याच वंशाची आणखी एक प्रजाती जगासमोर आणली होती, मेलॅनोक्लामिस बेंगालेन्सिस. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, त्याच वाळूत, एकाच वंशातल्या दोन नखाएवढ्या गोगलगायी. मग या दोन आहेत, एक नाही, हे कळलं कसं? एक पिल्लू आणि दुसरी मोठी असं का नसेल? एकीने भरपेट खाल्लंय आणि दुसरी उपाशी आहे, एवढंच का नसेल? नर-मादीचा फरक म्हणावा तर तीही सोय नाही, कारण या गोगलगायी उभयलिंगी असतात. प्रत्येकीत दोन्ही इंद्रियं.

या प्रश्नाला उत्तर देण्याची रीत तयार व्हायला दीडशेहून अधिक वर्षं लागली आहेत, आणि त्या रीतीची निम्मी कहाणी फसगतीची आहे.

आधी हे प्राणी कोण ते पाहू. पावसाळ्यात अंगणात, न्हाणीघराच्या भिंतीवर दिसणाऱ्या शंखवाल्या गोगलगायींचे हे समुद्रातले भाऊबंद. बहुतेकांनी शंख टाकून दिला आहे किंवा इतका लहान करून ठेवला आहे की बाहेरून पत्ता लागू नये. पण त्यांच्या अळीला बघितलं तर गुपित फुटतं: पाण्यात तरंगणाऱ्या त्या सूक्ष्म पोराच्या अंगावर शंख असतो, आणि मोठं होताना बहुतेकांच्या बाबतीत तो गळून जातो. मेलॅनोक्लामिसच्या वंशात तो पुरता गेलेलाही नाही. मागच्या ढालीच्या आत, मांसात दडलेलं चुन्याचं छोटं कवच तिने अजून सांभाळून ठेवलं आहे. घर विकून टाकलं तरी त्याचा कागद कपाटात जपणाऱ्या माणसांसारखं हे आहे.

शंख गेला की संरक्षण गेलं, म्हणून या मंडळींनी बाकीचे सगळे मार्ग चोखाळले. कुणी स्पंजातली विषं खाऊन अंगात साठवते, कुणी समुद्रफुलांच्या दंशपेशी पळवून स्वतःच्या पाठीवर बसवते, कुणी शेवाळातली हरितलवकं जिवंत ठेवून त्यांच्यावर उन्हातून अन्न मिळवते. या प्रत्येकीवर स्वतंत्र लेख होईल. इथे आपल्या कामाची गोष्ट एवढीच की 'मी विषारी आहे' हे सांगण्यासाठी अनेकींनी रंग धारण केले. नुडिब्रँक म्हणजे उघड्या कल्ल्यांच्या गोगलगायींच्या एकट्या गटातच सुमारे ३,००० प्रजाती, आणि त्यांच्या अंगावर नाही असा रंग शोधावा लागेल. साहजिकच त्यांना ओळखायचं तर रंगावरून, असं कुणालाही वाटेल. सुरुवातीला सगळ्यांना तसंच वाटलं.

अडचण अशी की रंग बाटलीत टिकत नाही. जिवंत असताना जांभळी, केशरी, सोनेरी असलेली गोगलगाय मद्यार्कात बुडवली की रंग सोडते, आकसते, आणि काही दिवसांत तिची मळकट पांढरी गोळी होते. शंख असलेल्या प्राण्याचं बरं असतं. शंख पेटीत ठेवला की शंभर वर्षांनीही तसाच. अंगावर मांसच मांस असलेल्या प्राण्याचं काय ठेवणार? मग एकच मार्ग उरतो, जिवंतपणी चित्र काढून घेणं.

इथे एका माणसाला भेटायला हवं. वॉल्टर एलियट. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी, पण नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी धारवाडच्या बाजूला, तेव्हाच्या इंग्रजी कागदपत्रांत 'दक्षिण मराठा मुलूख' म्हटल्या जाणाऱ्या प्रदेशात काढली. १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या सैन्याशी झालेल्या चकमकीत थॅकरे हा कलेक्टर मारला गेला आणि दोन इंग्रज अधिकारी कैद झाले. त्यांतले एक हे एलियट. सुटल्यावर गृहस्थ जणू काही घडलंच नाही अशा थाटात कामाला लागले. चालुक्यांचे शिलालेख उतरवून घेतले, दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी १८३९ मध्ये छापली, पुढे अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं खणून मद्रासला नेली. तिथून ती लंडनला गेली आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. याबद्दल एलियटसाहेबांना किती नावाजायचं हा वेगळा वाद. पण पूर्व किनाऱ्यावर बदली झाल्यावर त्यांनी विशाखापट्टणमजवळ समुद्री गोगलगायी गोळा करवल्या आणि त्या जिवंत असताना त्यांची रंगीत चित्रं काढून घेतली, ही त्यांची दूरदृष्टी मात्र मानायला हवी.

ती चित्रं आणि बाटल्या इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला पोहोचल्या, जोशुआ ऑल्डर आणि ऑल्बनी हॅनकॉक यांच्या हाती. ब्रिटनच्या नुडिब्रँकांवर या जोडीने रंगीत चित्रांचा जो ग्रंथ केला तो आजही हात धुऊन उघडावा असा आहे. दोघांपैकी कुणीही भारत पाहिला नव्हता. एका हाताशी चित्र आणि दुसऱ्या हाताशी फिकट गोळी ठेवून त्यांनी १८६४ मध्ये भारतातल्या नव्या वंशांची आणि प्रजातींची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यांतल्या एका वंशाला त्यांनी त्या किनाऱ्याचं जुनं नाव दिलं, कलिंगा. कलिंगा ओर्नाटा ही गोगलगाय आजही त्याच नावाने ओळखली जाते.

त्याच सुमारास श्रीलंकेत त्रिंकोमालीला ई. एफ. केलार्ट हे लष्करी डॉक्टर तेच काम करत होते. वर्णनं लिहायची, चित्रं काढायची. १८६० मध्ये इंग्लंडला जाताना जहाजावरच त्यांचा मृत्यू झाला. त्यांची वर्णनं त्रोटक होती, आणि पुढच्या अभ्यासकांना केलार्टने नेमकं काय पाहिलं होतं ते कळेना. अखेर १९०६ मध्ये सर चार्ल्स एलियट (हे दुसरे एलियट) यांनी केलार्टची चित्रं आणि न्यूकॅसलच्या संग्रहालयातला ऑल्डर-हॅनकॉकचा ठेवा शेजारी ठेवून दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या गोगलगायींचा हिशेब लावला. हेच गृहस्थ ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे आयुक्त होते, पुढे जपानमध्ये ब्रिटनचे राजदूत झाले, आणि हिंदू व बौद्ध धर्मांवरचा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ अभ्यासकांच्या ओळखीचा आहे. गोगलगायींवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. माणसाला वेळ कसा पुरत असेल, हा माझा जुना प्रश्न आहे.

पण चित्र म्हणजे चित्रकाराच्या डोळ्यांचा पुरावा. ते हाती नसेल तर? तिथून पुढचं पाऊल म्हणजे प्राण्याच्या आत शिरणं.

कोपनहेगनचे रुडॉल्फ बर्ग हे त्या मार्गाचे खरे मानकरी. पेशाने गुप्तरोगांचे डॉक्टर. त्यांच्या नावाचं रुग्णालय त्या शहरात होतं. फावल्या वेळात जगभरच्या मोहिमांनी आणलेल्या बाटल्या उघडून ते गोगलगायींची चिरफाड करत, आणि अर्थातच जननेंद्रियांचं वर्णन त्यांच्याइतकं बारकाईने कुणीच केलं नाही. रंग गेला तर जाऊ दे, आतले अवयव तर जागेवर आहेत, हा त्यांचा रोकडा हिशेब. त्यांनी दोन गोष्टींवर भर दिला, जननसंस्था आणि दात.

गोगलगायीचे दात म्हणजे जिभेवरची एक फीत. तिला रॅड्युला म्हणतात. तिच्यावर सूक्ष्म दातांच्या ओळीमागून ओळी बसवलेल्या असतात. पुढचे झिजले की मागून नवे सरकतात. हे दात मांसापेक्षा चिवट असतात, आणि तिथेच अभ्यासकांचं फावतं. तोंडाकडचा स्नायूंचा गोळा काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवायचा. मांस विरघळून जातं आणि तळाशी उरते ती केसासारखी बारीक फीत. ती धुऊन काचपट्टीवर उलगडायची, हल्ली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, आणि मोजायला बसायचं: किती ओळी, एका ओळीत मधल्या दाताच्या दोन्ही बाजूंना किती, कुणाला किती कंगोरे. शेकडो प्रजाती या आकड्यांवर उभ्या आहेत.

आता दिघ्याकडे परत येऊ. मेलॅनोक्लामिस ज्या कुळातली आहे त्या अग्लाजिडी कुळातल्या जवळजवळ सगळ्या गोगलगायींना रॅड्युला नाहीच.

त्या शाकाहारी असतील म्हणून दात नाहीत असं वाटेल, पण गोष्ट त्याच्या उलट्या दिशेने विचित्र आहे. या शिकारी आहेत. वाळूतल्या किड्यांचा माग काढतात, घशाचा स्नायूंचा फुगा झटक्यात बाहेर काढतात आणि भक्ष्य अख्खंच्या अख्खं आत ओढून घेतात. चावण्या-खरवडण्याचा प्रश्नच उरला नाही म्हणून दातही उरले नाहीत. त्यांच्या दृष्टीने ठीक झालं. वर्गीकरण करणाऱ्याच्या हातून मात्र सगळ्यात भरवशाचं साधन गेलं. रंग म्हणाल तर काळा, नाहीतर तपकिरी, नाहीतर त्या दोहोंच्या मधला. आकार म्हणाल तर सगळ्यांचा तोच बोथट नळीसारखा. न्यूझीलंडमध्ये १८८१ साली टी. एफ. चीझमन यांनी हा वंश पहिल्यांदा वेगळा काढला, तेव्हापासून हीच रड आहे. (चीझमन खरे तर वनस्पतिशास्त्रज्ञ आणि ऑकलंडच्या संग्रहालयाचे प्रमुख. या क्षेत्रात आपापलं काम सोडून आलेल्यांची संख्या पाहिली की बरं वाटतं.)

मग उरतं काय? आतलं कवच आणि शिस्न.

अग्लाजिडींची शरीररचना यासाठी समजून घ्यायला हवी. त्यांचं जननछिद्र शरीराच्या मागच्या भागात उजव्या बाजूला असतं, आणि शिस्न मात्र पुढे, डोक्याच्या उजव्या बाजूला. दोन्हींना जोडणारी नळी शरीराच्या आतून जात नाही. त्वचेवरून एक उघडी खाच जाते, आणि शुक्रजंतू त्या खाचेतून मागून पुढे प्रवास करतात. डोक्याच्या आत दडलेला हा पुरुष-अवयव, त्याला जोडलेली ग्रंथी, तिची लांबी, घड्या, टोकाचा आकार, यांत प्रजातीप्रजातीत फरक पडतो. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोघी इथे वेगळ्या निघतात.

काम किती नाजूक आहे याची कल्पना करा. प्राणी ७ मिलिमीटरचा. पकडल्या पकडल्या मद्यार्कात टाकला तर आकसून दगड होईल, अवयव एकमेकांत घुसतील. म्हणून आधी मॅग्नेशियम क्लोराइड घातलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवून त्याला सुस्त करतात. ढाली सैलावतात, शरीर लांबतं, सुईने टोचलं तरी हालचाल होत नाही, तेव्हा तो तयार. मोजमाप आणि फोटो या आधीच, जिवंत असताना घ्यायचे, कारण लाल ठिपका नंतर राहीलच याची खात्री नाही. मग ज्यातून डीएनए काढायचा तो नमुना तीव्र अल्कोहोलमध्ये, आणि ज्याची चिरफाड करायची तो बहुधा फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये अवयव सुरेख टिकतात पण डीएनए खराब होतो; अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो पण अवयव ठिसूळ होतात. एवढ्याशा प्राण्याचे दोन भाग करून दोन्हीकडे घालावेत तर कुठल्याच कामाचा उरत नाही. म्हणून एक गोगलगाय सापडून भागत नाही, अनेक लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने पाठीची त्वचा उघडायची, काळ्या रंगद्रव्याच्या आत पांढरट अवयव शोधायचे, शिस्नाचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा गोळा न फाटता वेगळा करायचा. श्वास जरा जोरात सोडला तरी अवयव थेंबाबरोबर वाहून जाऊ शकतो.

एवढं करूनही शंकेखोर माणूस विचारेलच: एका प्रजातीतही अवयवांत थोडाफार फरक असणारच ना? तुम्ही उघडलेली नेमकी वेगळी निघाली नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. त्यासाठी तिसरा साक्षीदार आला, डीएनए. पायाचा कणभर तुकडा घेऊन ठरावीक जनुकांचे भाग वाचतात. सगळ्यात जास्त वापरात आहे तो पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधल्या सीओआय या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा. एकाच प्रजातीच्या दोन जीवांत यातली थोडी अक्षरं वेगळी असतात, दोन प्रजातींत बरीच. 'बरीच' म्हणजे नेमकी किती, याची सगळ्या प्राण्यांना लागू पडेल अशी रेषा नाही. दरवेळी त्या वंशातल्या बाकीच्यांशी ताडून पाहावं लागतं. त्यामुळे डीएनए एकटा निकाल देत नाही. तो अवयवांच्या बाजूने बोलला की निकाल भक्कम होतो.

मेलॅनोक्लामिसच्या बाबतीत हे किती गरजेचं आहे ते २०१४ मध्ये दिसलं होतं. कॅलिफोर्निया, जपान आणि रशियातल्या संशोधकांनी मिळून उत्तर पॅसिफिकच्या थंड किनाऱ्यांवरच्या या काळ्या गोगलगायी तपासल्या. बाहेरून पाहून जे मोजकेच प्रकार वाटत होते, त्यांत जनुकं आणि शिस्नाची रचना पाहिल्यावर नव्या प्रजाती लपलेल्या निघाल्या. ज्या वंशाला आपण गरीब समजत होतो तो नुसता सारखे कपडे घालून बसला होता.

दिघ्याच्या गोगलगायीला या तिन्ही कसोट्या लावण्यात आल्या: बाह्य रूप, अंतर्गत रचना आणि जनुकं. तिन्हींचं म्हणणं जुळलं तेव्हा ती स्वतंत्र प्रजाती ठरली. आणि मग तिचा पत्ताही नवलाचा वाटू लागतो. मेलॅनोक्लामिस हा प्रामुख्याने थंड आणि समशीतोष्ण पाण्यातला वंश. न्यूझीलंड, जपान, अमेरिकेचा पश्चिम किनारा, असा. खऱ्या अर्थाने उष्ण कटिबंधातल्या म्हणाव्यात अशा वर्णनकर्त्यांनी तीनच गणल्या आहेत: एक थायलंडच्या आखातातली आणि दोन आपल्या या बंगाल-ओडिशा किनाऱ्यावरच्या. त्या इथे कशा आल्या, कधीपासून आहेत, याचा शोध आता कुठे सुरू होईल.

लाल ठिपक्याचं मात्र मला राहून राहून कुतूहल वाटतं. इतका सगळा खटाटोप कशासाठी, ठिपका दिसतोय ना, ती द्रौपदी, नाही ती दुसरी, संपलं. पण समुद्री गोगलगायींनी या सरळपणाची किंमत अभ्यासकांकडून पुरेपूर वसूल केली आहे. फिलिपिन्सच्या प्रवाळांवर हिप्सेलोडोरिस वंशातल्या गोगलगायी असतात, झगझगीत रंगांच्या. त्यांतली एक जांभळट आणि एक फिकट पांढरट, अशा दोन वेगळ्या दिसणाऱ्या गोगलगायी समागम करताना कॅमेऱ्यात सापडल्या. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संशोधकांनी त्यांची जनुकं तपासली, आणि दोघी एकाच प्रजातीच्या निघाल्या. २०१८ मध्ये या वंशाच्या १७ नव्या प्रजातींमध्ये तिचंही नामकरण झालं, हिप्सेलोडोरिस इबा. गंमत पुढेच आहे. इबाचं जांभळं रूप शेजारी राहणाऱ्या हिप्सेलोडोरिस बुलॉकी या वेगळ्याच प्रजातीशी इतकं मिळतंजुळतं आहे की रंगावर विसंबणाऱ्याने इबाचे दोन तुकडे केले असते आणि त्यांतला एक नेऊन बुलॉकीच्या घरात टाकला असता. एकाच हिशेबात दोन चुका.

आणि ही नक्कल यदृच्छेने झालेली नाही. एकाच भागातल्या विषारी गोगलगायी एकसारख्या दिसल्या तर माशाला एकदाच धडा शिकावा लागतो. एकीची चव घेऊन तोंड वाकडं केलं की तो सगळ्यांनाच टाळतो. म्हणून दूरच्या नात्यातल्या गोगलगायी एकमेकींसारखे रंग घेतात, आणि सख्ख्या बहिणी दोन ठिकाणी राहत असतील तर तिथल्या रिवाजाप्रमाणे वेगवेगळे. रंग हा त्यांनी शेजाऱ्यांसाठी नेसलेला असतो, आपल्या सोयीसाठी नव्हे. तरीही रंग टाकाऊ नाही. घराण्याचा नकाशा जनुकांवरून एकदा काढला की रंग कुठे खरं बोलतो आणि कुठे खोटं, ते कळतं. दिघ्याचा लाल ठिपका सध्या खरं बोलतोय.

ही उलथापालथ प्रजातींपुरती थांबत नाही. एखाद्या गोगलगायीच्या शास्त्रीय नावापुढे शोधकर्त्याचं नाव आणि साल लिहितात. त्याभोवती कंस असेल तर समजावं की बाईंचं घर बदललं आहे. पहिल्यांदा ज्या वंशात ठेवलं होतं तिथून पुढे कुणीतरी उचलून दुसरीकडे नेलं. भारताच्या किनाऱ्यांवरही भेटणारी, काळ्या किनारीची डोरिप्रिस्मॅटिका अॅट्रोमार्जिनॅटा (क्यूव्हिये, १८०४) बघा. क्यूव्हियेने तिला डोरिस म्हटलं, नंतर अनेक वर्षं ती ग्लॉसोडोरिस होती, आता डोरिप्रिस्मॅटिका. मेलॅनोक्लामिस द्रौपदीच्या नावापुढे अजून कंस नाही. आणखी वर गेलात तर १८४८ मध्ये मिल्न-एडवर्ड्सने या सगळ्या गोगलगायींसाठी मांडलेला ऑपिस्थोब्रँकिया हा भलामोठा गट गेल्या दशका-दीड दशकात मोडीतच निघाला. जनुकांवरून असं दिसलं की शंख टाकण्याचा उद्योग वेगवेगळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे केला आहे, आणि त्या गटातल्या काहीजणी एकमेकींपेक्षा जमिनीवरच्या गोगलगायींना जास्त जवळच्या आहेत. पुस्तकांच्या कव्हरवर तो शब्द अजून आहे. पुस्तकं बदलायला वेळ लागतो.

नाव पक्कं होण्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमावलीची एक अट आहे: वर्णन ज्या एका नमुन्यावर टेकलं आहे तो निवडायचा आणि कुठल्या संग्रहात ठेवला ते लिहायचं. त्याला होलोटाइप म्हणतात. उद्या कुणाला आंध्रच्या किंवा केरळच्या वाळूत काळी, लाल ठिपक्याची गोगलगाय सापडली आणि ती तीच की दुसरी असा वाद झाला, तर फोटो नव्हे, तो बाटलीतला नमुना साक्षीला येतो. फिकटलेला, आकसलेला. पण आता त्याच्याबरोबर जिवंतपणीचे फोटो, अवयवांची चित्रं आणि जनुकांची अक्षरंही जोडलेली आहेत. ऑल्डर-हॅनकॉकच्या टेबलावर एक चित्र आणि एक गोळी होती, त्यामानाने आजच्या अभ्यासकाची चैनच म्हणायची.

आपल्याकडेही या कामाला सुरुवात होऊन बरीच वर्षं झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या समुद्री गोगलगायींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. मुंबईच्या खडपांतही उधाणाच्या दिवसांतल्या मोठ्या ओहोटीला हौशी माणसं डबकी तपासत फिरतात आणि सापडेल त्याचे फोटो काढतात. अशा फोटोंखाली अनेकदा वंशाचं नाव आणि पुढे नुसतं 'एसपी.' लिहिलेलं असतं. म्हणजे घराणं कळलं, माणूस कळला नाही. तो आळस नसतो, प्रामाणिकपणा असतो. फोटोवरून शिस्नाचा आकार कळत नाही.

तरी फोटोतून मिळण्यासारखं पुष्कळ असतं, आणि ते बहुतेकांच्या हातून निसटतं. सगळेजण वरून, पाठीचा, रंगांचा फोटो काढतात. शेजारी मोजपट्टी ठेवावी. गोगलगाय कशावर बसली आहे ते चौकटीत घ्यावं, कारण पुष्कळशा एकाच प्रकारचं अन्न खातात आणि बसायची जागा म्हणजेच बऱ्याचदा जेवायचं ताट. जवळ अंड्यांची जेलीसारखी फीत किंवा गोळा असेल तर तोही टिपावा. अंडी घालण्याची पद्धत घराण्यागणिक बदलते. वाळूतली काळी गोगलगाय असेल तर तिला वेष्टणातून बाहेर येऊ द्यावं आणि दोन्ही ढालींमधली फट, मागचं टोक नीट दिसेल असा फोटो घ्यावा. आणि तिची उजवी बाजू विसरू नये. कल्ला, जननछिद्र, ती उघडी खाच, सगळं त्याच बाजूला असतं.